वंगणापासून निगेपर्यंत : गाडीखालच्या रबराची गोष्ट



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं मोटारीच्या पोटाखालच्या रबरावर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. पण विषय आमच्या शास्त्राला परका नाही. ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ तुम्हाला नावानं तरी माहीत असेल. त्यात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे नेमकं काय? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी निष्पन्न होतं ते असं, की हे सगळे भाग एकत्र असतात तेव्हा त्या एकत्र असण्याला आपण ‘रथ’ हे नाव देतो.

हा संवाद मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. तो शिकवताना माझ्या मनात एक साधा प्रश्न यायचा. भाग एकत्र आले, ठीक. पण दोन भागांच्या मधे काय असतं? आस आणि चाक जिथे एकमेकांना भिडतात, घासतात, तिथे काहीतरी असल्याशिवाय रथ चार कोस जाणार नाही. आजचा विषय हे ‘मधलं’ आहे. ते मधलं कसं बदलत गेलं, आणि त्याबरोबर ‘गाडी सांभाळणं’ या क्रियेचा अर्थ कसा बदलला, एवढंच मला सांगायचं आहे.

आपल्या बैलगाडीत या मधल्या जागेत वंगण असायचं. वंगण म्हणजे गाडीच्या आसाला लावायचा काळा, चिकट लेप. त्यात मुख्य माल एरंडेलाचा. गाडीखाली त्याचं नळकांडं टांगलेलं असे. लांबच्या वाटेवर गाडीवान मधेच थांबायचा, चाक थोडं सरकवायचा, आसावर वंगण चोपडायचा आणि पुढे निघायचा. विसरला तर गाडी स्वतःच कुरकुरून सांगायची. दोन गोष्टी इथे लक्षात ठेवा. एक, निगा राखणं म्हणजे काहीतरी लावणं. दुसरी, हयगय झाली तर ती ऐकू येत असे. आणि हो, एरंडेलही लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

पहिल्या मोटारी या बाबतीत बैलगाडीच्या अगदी जवळच्या नातेवाईक. खाली कमानपाटे, त्यांना धरणाऱ्या पिना, पुढच्या चाकांच्या किंग पिना, स्टिअरिंगचे सांधे. जिथे जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे तिथे तेल किंवा ग्रीस. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीच्या मालकाला दर काही शे मैलांनी तेलाची बुधली घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालावी लागे. हे काम सोपं करण्यासाठी केवढी बुद्धी खर्च झाली! आज गॅरेजमध्ये ज्याला आपण ग्रीस निपल म्हणतो, ते घट्ट बसणारं बारकं तोंड ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झर्क यांच्या नावावर आहे. अमेरिकेतलं त्यांचं पेटंट १९२९ चं. पण निपल कितीही चांगलं झालं, तरी ग्रीस गन घेऊन पिटमध्ये उतरणारा पोऱ्या लागायचाच. आणि एखादा सांधा त्याच्या नजरेतून सुटला की तो सांधा गेला.

मग प्रश्न असा पुढे आला, की लोखंड लोखंडावर घासूच नये अशी काही युक्ती करता येईल का? ती युक्ती रबरानं पुरवली. पण त्याआधी रबर माणसाळावं लागलं.

कच्चं रबर म्हणजे झाडाचा चीक. त्यातलं रबर हे मूलतः कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग आहे, पाच कार्बनला आठ हायड्रोजन, हे मायकेल फॅरडे यांनी १८२६ मध्ये दाखवलं होतं. हे सूत्र पुढे आपल्या कामाला येणार आहे. पण त्या काळचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत दगडासारखं कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांच्या हातून गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीवर पडलं आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखं चिवट झालं. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी गुडइयरच्या मालाचे नमुने पाहिले, कृती शोधून काढली आणि १८४३ मध्ये आधी पेटंट घेतलं. गुडइयर यांचं अमेरिकी पेटंट १८४४ चं. या प्रक्रियेला रोमन अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून ‘व्हल्कनायझेशन’ म्हणू लागले. गुडइयर १८६० मध्ये वारले तेव्हा डोक्यावर मोठं कर्ज होतं. ज्या टायर कंपनीवर आज त्यांचं नाव आहे, ती त्यांची नव्हती, त्यांच्या घराण्याचीही नव्हती.

गंधक इथे काय करतं? रबराचे रेणू शेवयांसारखे लांबच लांब असतात. गंधक त्यांना ठिकठिकाणी एकमेकांशी बांधून टाकतं. मग शेवया ताणल्या जातात पण सुटत नाहीत. सोडलं की मूळ जागी परत येतात. एवढी गाठ मारली आणि रबराला स्वभाव मिळाला.

आता गाडीखाली येऊ. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये ‘सिलेंटब्लॉक’ नावाचा एक सांधा बाजारात आला. त्यामागे लेऑन थिरी हे नाव आहे. आपल्या गॅरेजमध्ये ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणतात तो शब्द याच व्यापारी नावावरून आलेला. रचना बघा : बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी बारीक नळी आणि दोन्हींच्या मधे दाबून बसवलेलं रबर. बाहेरची नळी सस्पेन्शनच्या हाताला, आतली नळी बोल्टनं सांगाड्याला. चाक वर-खाली झालं की रबर पिळतं आणि परत सुटतं. काहीच कशावर घसरत नाही. घसरत नाही म्हणून झीज नाही, झीज नाही म्हणून ग्रीस नको. शिवाय रस्त्याचे हादरे आणि आवाज मधल्या मधे जिरतात.

१९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीनं आपल्या प्लिमथ गाडीचं इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलं आणि त्याला ‘फ्लोटिंग पॉवर’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएननं ते तंत्र परवान्यानं घेतलं आणि गाडीवर तरंगत्या हंसाचं चिन्ह लावलं. आणि १९५९ मध्ये ब्रिटनची ‘मिनी’ आली. ॲलेक इसिगोनिस यांच्या या छोट्या गाडीत लोखंडी स्प्रिंगच नव्हती. स्प्रिंगचं काम रबराचे शंकू करत होते. ते शंकू ॲलेक मोल्टन यांचे. त्यांचे पणजोबा स्टीफन मोल्टन यांनीच १८४० च्या दशकात गुडइयरचे ते नमुने अमेरिकेहून इंग्लंडला आणले होते. इतिहास असा कधी कधी एकाच घराच्या ओसरीवर फेरी मारून येतो.

आता या सगळ्यात कोणता सौदा झाला ते पाहू. वंगणाची जागा रबरानं घेतली. निगा राखायचं रोजचं काम संपलं. कंपन्या अभिमानानं सांगू लागल्या की हा सांधा ‘मेंटेनन्स-फ्री’ आहे. तुम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी असाल तर अशा शब्दावर थोडं थबका. निगेपासून मुक्त असं जगात काही असतं का? माझं आजचं म्हणणं असं आहे, की निगा संपली नव्हती. तिचं रूप बदललं होतं, आणि बदललेलं रूप आपल्याला ओळखता आलं नाही.

याचा पहिला पुरावा तेलातच सापडतो. शतकानुशतकं हाताला एकच वळण होतं : यंत्र म्हटलं की तेल. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या खालच्या बाजूला जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेल मारून घेण्याची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. हेतू चांगला. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा गंजू नये. पत्र्याला त्याचा फायदा होतोही. पण तोच फवारा बुशवर, माउंटिंगवर, रबरी कव्हरवर बसतो. आणि आता फॅरडेचं सूत्र आठवा. रबर म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. खनिज तेलही कार्बन आणि हायड्रोजन. दोघं सोयरे. तेल रबरात शिरतं. गंधकाच्या गाठींमुळे रबर विरघळत नाही, पण भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं, मऊ पडतं, आपली ताकद घालवून बसतं. जे लोखंडाचं औषध, ते नैसर्गिक रबराचं विष. एकाच फवाऱ्यात दोन्ही.

हीच गोष्ट ब्रेकमध्ये फार आधी समजली होती. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक माल्कम लॉकहीड यांनी विकसित केले. १९२१ च्या सुमारास ते ड्यूसेनबर्गच्या गाडीत आले, १९२४ मध्ये क्रायस्लरमध्ये. आतले वाटीसारखे वायसर आधी चामड्याचे होते, ते गळायचे. मग रबराचे आले. पण रबर आलं म्हणजे आत खनिज तेल चालणार नाही. मग काय घालायचं? तेव्हा ब्रेकमध्ये जे घातलं गेलं त्यात होतं एरंडेल, अल्कोहोलमध्ये मिसळलेलं. एरंडेल वनस्पतीचं, त्याच्या रेणूंची जात निराळी. ते नैसर्गिक रबरात तसं शिरत नाही. आजही ब्रेकच्या रबरी भागांना लावायचं जे लाल ‘रबर ग्रीस’ मिळतं, ते पारंपरिकरीत्या एरंडेलापासूनच बनतं. म्हणजे बैलगाडीच्या नळकांड्यातलं तेल, सगळ्या खनिज तेलांना बाजूला सारून, मोटारीच्या सर्वांत नाजूक जागी जाऊन बसलं.

इथे उलटं उदाहरणही सांगायला हवं. सिट्रोएन डीएस या गाडीचं सस्पेन्शन आणि ब्रेक दोन्ही द्रवाच्या दाबावर चालत. आधीचा द्रव पाणी शोषून घ्यायचा आणि आतले भाग गंजायचे. म्हणून १९६६-६७ च्या सुमारास कंपनीनं हिरव्या रंगाचा खनिज द्रव आणला आणि त्यासाठी सगळी सीलं वेगळ्या रबराची केली. नव्या व्यवस्थेचे भाग हिरवे रंगवले, म्हणजे चुकूनही कोणी जुनं-नवं एकत्र करू नये. तेल वाईट आणि रबर बिचारं, असा हा मामला नाही. कोणत्या रबराला कोणतं तेल, हे ठाऊक असणं म्हणजे निगा. ज्ञानाशिवाय केलेली सेवा इथे इजा करते.

‘कोणतं रबर’ हा प्रश्न निर्माण होण्याचं कारण म्हणजे १९३० चं दशक. १९३१ मध्ये अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीनं निओप्रीन जाहीर केलं. त्यामागे वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेतलं काम होतं. जर्मनीत त्याच दशकात नायट्राइल रबर तयार झालं. ही दोन्ही नैसर्गिक रबरापेक्षा तेलाला जास्त दाद न देणारी. म्हणून ज्या रबरी पिशवीच्या आत ग्रीस असतं, म्हणजे ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचं बूट, ते बराच काळ निओप्रीनचं होत आलं. आणि जिथे भार पेलत रात्रंदिवस पिळायचं आहे, त्या बुश आणि माउंटिंगमध्ये नैसर्गिक रबर टिकून राहिलं, कारण चिवटपणात त्याचा हात धरणारं सहज सापडत नाही.

ते नैसर्गिक रबर कुठून येतं, हेही दोन मिनिटं बघू. मोटारीच्या आणि सायकलीच्या टायरांची भूक वाढली तेव्हा मळे अजून तयार व्हायचे होते. रानातल्या वेलींचं रबर काढायला बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीच्या काँगोत माणसांवर सक्ती झाली. ठरलेला वाटा आला नाही तर ओलीस ठेवणं, फटके, हात तोडणं. रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९०८ मध्ये राजाकडून तो प्रदेश काढून बेल्जियमच्या सरकारनं ताब्यात घेतला. दुसरीकडे, हेन्री विकहॅम यांनी १८७६ मध्ये ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या होत्या. त्यांतून वाढलेल्या रोपांवर सिलोन आणि मलायातले मळे उभे राहिले. भारतात पहिला व्यापारी मळा १९०२ मध्ये केरळात पेरियार नदीच्या काठी झाला. आज आपल्या दोडामार्गातही रबराची झाडं आहेत, खाली लावलेल्या वाट्या दिसतात. एका बुशची किंमत बिलावर शे-दोनशे लिहिलेली असेल. पण ती वस्तू कुठून कशी आली याची यादी बिलावर बसत नाही.

रबर जपणं ही संपूर्ण राष्ट्राची गरज झाली असा एक प्रसंग इतिहासात आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानकडे गेले, आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा जवळपास ९० टक्के पुरवठा तुटला. मग तिथे वेगमर्यादा ताशी ३५ मैलांवर आणली, आणि १ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. गंमत अशी, की पेट्रोल तिथे कमी नव्हतं. पेट्रोल रोखलं की गाड्या कमी धावतील, गाड्या कमी धावल्या की टायर वाचतील, असा हिशेब होता. जपणं म्हणजे काहीतरी लावणं, हा बैलगाडीचा अर्थ. जपणं म्हणजे कमी वापरणं, हळू जाणं, हा दुसरा अर्थ. तो युद्धानं शिकवला आणि शांतता झाल्यावर लोक विसरले.

तेल हा रबराचा दिसणारा शत्रू. न दिसणारा शत्रू हवेत आहे. ज्या १८३९ साली गुडइयर यांच्या शेगडीवर रबर पडलं, त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ख्रिस्तिआन शोनबाइन हे रसायनशास्त्रज्ञ विजेचे प्रयोग करत होते आणि त्यांना एक विशिष्ट वास येत होता. त्या वायूला त्यांनी पुढे ‘ओझोन’ नाव दिलं. रबराचा जन्म आणि त्याच्या वैऱ्याची ओळख एकाच वर्षातली.

ओझोन काय करतो? रबराच्या त्या लांब शेवयांमध्ये ठरावीक अंतरावर दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका तिथे घाव घालतो. दहा कोटी भाग हवेत काही भाग ओझोन एवढं प्रमाणही पुरेसं होतं. पण भेग पडायला रबर ताणलेलं असावं लागतं. सैल पडलेल्या रबराला तडा जात नाही. ताणलेल्याला जातो, आणि तो ताणाच्या आडव्या दिशेनं. बुटाच्या घड्या जिथे उघडतात तिथेच चिरा का दिसतात, त्याचं उत्तर हे आहे.

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुकं पसरू लागलं. त्या शहरात रबराला इतर ठिकाणांपेक्षा लवकर भेगा पडतात, हे लोकांच्या ध्यानात आलं होतं. कॅलटेकमधले आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ. अननसाच्या स्वादावर काम करत होते. त्यांनी या धुक्याचा छडा लावला : मोटारींचा धूर आणि कारखान्यांची वाफ, त्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. आणि ओझोन मोजायला त्यांनी वापरल्या वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्या. भेग किती वेळात पडते, किती खोल जाते, यावरून हवा किती बिघडली ते कळे. म्हणजे माणसाच्या फुप्फुसाच्या आधी साक्ष दिली ती रबरानं. मोटार स्वतःच्या धुरातून असा वायू तयार करत होती जो तिचंच रबर खात होता.

मग उपाय आले. पहिला उपाय मेणाचा. रबरात थोडं मेण मिसळतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पातळ पापुद्रा धरतं. नव्या रबरावर कधी कधी पांढुरकी किंवा तपकिरी साय दिसते, ती घाण नाही, ते चिलखत आहे. पण मेणाचा पापुद्रा हललं की तडकतो, आणि गाडीखालचं रबर तर सतत हलतं. म्हणून दुसरा उपाय : रबराऐवजी स्वतःच ओझोनशी आधी झुंजणारी रसायनं. त्यातलं एक, ‘सिक्स-पीपीडी’, १९६० च्या दशकापासून टायरांत सर्रास वापरलं जाऊ लागलं. ते आतून पृष्ठभागावर येत राहतं, ओझोनचा घाव स्वतःवर घेतं, आणि रबर वाचतं. उत्तम योजना. आपला टायर वाटेत फुटत नाही, त्यात या रसायनाचा वाटा आहे.

आता पुढचं ऐका. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिॲटलच्या आसपास, शहरी ओढे पुन्हा स्वच्छ करण्याची मोठी कामं झाली. कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून त्या ओढ्यांत परत येऊ लागले. आणि पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच तडफडून मरू लागले. पाणी दिसायला निर्मळ. कारण सापडायला वर्षानुवर्षं लागली. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांच्या गटाचा निबंध आला. टायरच्या झिजेतून रस्त्यावर पडणारं सिक्स-पीपीडी ओझोनशी संयोग पावतं, म्हणजे ज्यासाठी ते घातलं होतं नेमकं तेच करतं, आणि त्यातून एक नवा पदार्थ तयार होतो : सिक्स-पीपीडी-क्विनोन. एका लिटर पाण्यात एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असला तरी तो कोहो माशाला मारायला पुरतो. पाऊस रस्ते धुतो आणि ते पाणी ओढ्यात जातं. कॅलिफोर्नियानं ऑक्टोबर २०२३ पासून टायर उत्पादकांना या रसायनाला पर्याय शोधणं भाग पाडलं आहे. शोध चालू आहे.

इथे कोणाला खलनायक करू नका. रसायन दगा देत नाही, ते कर्तव्य करतं. आपला हिशेब अपुरा होता. रबर वाचवण्याची किंमत आपण फक्त रबराच्या बाजूनं मोजली. ‘मेंटेनन्स-फ्री’ या शब्दाबद्दल मी म्हणालो होतो, थबका. निगा कधी नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या खात्यात जाते. कधी काँगोतल्या माणसाच्या, कधी ओढ्यातल्या माशाच्या, आणि आपल्या गाडीपुरतं बोलायचं तर पाच वर्षांनंतरच्या आपल्याच खात्यात.

मग आपण करायचं काय? एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवलेले एक गृहस्थ माझ्याकडे गप्पांना येतात. ते एकदा म्हणाले, “सर, लोखंडाला हात लागतो, रबराला डोळा लागतो.” आणि हसून म्हणाले, “पण आपला डोळा लागला, की बुश गेला म्हणून समजा!” मला यापेक्षा नेमकं सूत्र ठाऊक नाही. ‘निगा’ हा आपला शब्द फारसी ‘निगाह’वरून आला, निगाह म्हणजे नजर. ‘देखभाल’ या शब्दातही ‘देखणं’ आहेच. भाषेला हे आधीपासून माहीत होतं, की सांभाळण्याची सुरुवात बघण्यात आहे. वंगणाच्या दीर्घ काळात आपण ‘लावणं’ म्हणजेच निगा समजलो. रबरानं आपल्याला शब्दाच्या मूळ अर्थाकडे परत आणलं.

तेव्हा बघायचं काय, ते त्यांच्याकडून आणि वाचनातून जमलेलं थोडक्यात सांगतो. सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली की खाली जाऊन उभे राहा. पुढच्या ॲक्सलची बुटं बघा, घड्या उघडून बघा. बूट फाटलं तर आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं, आणि आत धूळ-पाणी शिरतं. बूट स्वस्त, जॉइंट महाग. वेळेत बूट बदललं तर जॉइंट वाचतो. बॉल जॉइंटच्या आणि स्टिअरिंगच्या रबरी टोप्या बघा. ब्रेकच्या होजला बारीक चिरा किंवा फुगवटा दिसला तर तो बदलायचाच, तिथे चर्चा नाही. बुशचं रबर लोखंडापासून सुटलंय का, मऊ-चिकट झालंय का, ते बघा. चिकट झालं असेल तर तेल कुठून गळतंय ते आधी शोधा; गळती तशीच ठेवून नवा बुश बसवणं म्हणजे छप्पर गळत असताना सतरंजी बदलणं.

धुवायचं तर पाणी आणि साधा साबण. पेट्रोल, डिझेल, रॉकेल रबराला लावू नये. गंज रोखायला फवारा किंवा डांबरी लेप मारून घ्यायचा असेल, तर रबरी भाग आधी झाकायला सांगा. सायलेंसरला टांगणारी रबरं आणि इंजिनाजवळची माउंटिंग उष्णतेनं लवकर म्हातारी होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे.

आणि एक बारकावा, जो अनेकदा पाळला जात नाही. नवा बुश बसवल्यावर त्याचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे सस्पेन्शनवर गाडीचं वजन आलेलं असताना. चाकं लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. रबराला त्याची विश्रांतीची जागा कोणती, हे आपण बोल्ट आवळताना ठरवतो.

रबर क्षणभंगुर असतं असा समज करून घेऊन मात्र जाऊ नका. मेलबर्नमध्ये एका रेल्वेपुलाखाली १८८९ मध्ये नैसर्गिक रबराच्या लाद्या बसवल्या होत्या. सुमारे शतकभरानं तपासल्या, तेव्हा वरचा अगदी पातळ थर तेवढा खराब झाला होता; आतलं रबर शाबूत होतं. जाड रबर स्वतःच्या सालीनं स्वतःला राखतं. पातळ बुटाला ती सोय नाही. म्हणून दोन्ही रबरांकडे एकाच नजरेनं बघून चालत नाही.

नागसेनांच्या रथाला शेवटी एवढंच जोडावंसं वाटतं. भाग एकत्र असतात तेव्हा रथ असतो, हे खरंच. पण ते एकत्र राहतात ते मधल्या कशामुळे तरी, आणि ते मधलं झिजत असतं, कुठूनतरी आलेलं असतं, आणि झिजून कुठेतरी जात असतं. पुढच्या वेळी गाडी वर उचललेली असेल तेव्हा मेकॅनिकला म्हणा, जरा बॅटरी दाखवा, मलाही बघू द्या. तो आनंदानं दाखवेल. ज्याला हे बघायची सवय आहे, त्याला दुसरं कोणीतरी बघायला आलेलं आवडतं.

आता प्रश्न असतील तर घेऊ.